हिवाळ्यात लोणारला जाताना

विद्यार्थी मित्रांनो, हिवाळा सुरू झाला की शाळेत सहलीची चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो, किल्ला पाहू. कोणी म्हणतो, समुद्रावर जाऊ. या वर्षी तुम्ही लोणारचे नाव सुचवा. पण नुसते नाव सुचवून भागत नाही. सहल चांगली व्हायची असेल, तर ती आधी कागदावर नीट आखावी लागते. चला, आपण ती आखून पाहू.

प्रथम, आपण काय पाहायला जात आहोत ते समजून घ्या. लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातील गाव आहे. गावाजवळ जमिनीत एक प्रचंड मोठा, गोल खड्डा आहे आणि त्याच्या तळाशी सरोवर आहे. खड्ड्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली सुमारे १५० मीटर आहे. पन्नास मजल्यांची इमारत त्यात उभी केली, तर तिची गच्ची जेमतेम काठापर्यंत येईल!

हा खड्डा कोणी खोदला नाही. आकाशातून अतिशय वेगाने आलेली उल्का येथे काळ्या खडकावर आदळली आणि हे विवर तयार झाले. आघात इतका जबरदस्त होता, की खडकातील काही खनिजांची काच झाली. ही काच सापडल्याचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि उल्केची गोष्ट पक्की झाली. ही घटना केव्हा घडली? पूर्वी सुमारे ५०,००० वर्षांपूर्वी असे मानत. नंतरच्या एका अभ्यासात हा काळ सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाला. पाहा, शास्त्रज्ञही आपले उत्तर पुन्हा तपासत असतात.

आता नावाकडे पाहा. 'लोण' हा मिठासाठी जुना शब्द आहे. मराठीतील 'लोणचे' त्याच घराण्यातले, आणि उर्दूतही मिठाला 'लोन' म्हणत असत. सरोवराचे पाणी खारट आहे, शिवाय त्यात सोड्यासारखे क्षारही आहेत. काठावरून गोड्या पाण्याचे झरे आत येतात, मग सरोवर खारे कसे? कारण सोपे आहे. पाणी आत येते, पण त्याला बाहेर जायला वाट नाही. उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षे हेच चालले आहे. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल यांनी 'आईन-ए-अकबरी' या फारसी ग्रंथात लोणारची नोंद केली आहे. काच आणि साबण बनवायला लागणारे पदार्थ येथे मिळतात, असे त्यांनी लिहिले आहे.

हिवाळाच का निवडायचा? उन्हाळ्यात काळा खडक तापतो आणि विवरात फार उकडते. पावसाळ्यात उताराची वाट निसरडी होते. हिवाळ्यात हवा कोरडी व थंड असते. शिवाय दूरदेशीचे पक्षी याच दिवसांत येतात. चक्रवाक, म्हणजे तुमचा 'सुरखाब', कदाचित तुम्हाला येथे दिसेल. मात्र हिवाळ्याची एक अडचण आहे : दिवस लहान असतो. जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि विवराच्या तळाशी सावली त्याआधीच येते. म्हणून वेळेचे गणित चुकू देऊ नका.

समजा, तुम्ही जालन्याहून निघणार आहात. अंतर सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे बसने अडीच तास धरा. सकाळी सहाला निघालात, तर साडेआठ-नऊला पोहोचाल. साडेनऊला उतरायला सुरुवात करा. दुपारी एक वाजता, कितीही मजा येत असली तरी, परत वर चढू लागा. उतरायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ चढायला लागतो, हे विसरू नका. जेवण वर आल्यावर करा आणि चारच्या आत बसमध्ये बसा. सहलीसाठी शुक्रवार सोडून दुसरा वार निवडा, म्हणजे जुम्याच्या नमाजेची घाई होणार नाही. एसटीच्या आगारात शालेय सहलीच्या सवलतीची आधी चौकशी करा. हा परिसर अभयारण्य आहे, म्हणून प्रवेशाचे नियमही वनखात्याकडे विचारून घ्या. त्यासाठी लागणारा अर्ज मराठीत तुम्हीच लिहा. तुमच्या मराठीचा याहून चांगला उपयोग कोणता?

सोबत काय घ्याल? पकड घेणारे बूट, सकाळच्या थंडीसाठी स्वेटर, टोपी, वही, आणि प्रत्येकी दोन बाटल्या पिण्याचे पाणी. खाली भरपूर पाणी दिसेल, पण त्यातले एक घोटही पिता येणार नाही. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्याही घ्या. त्यावर सरोवराच्या पाण्याचा एक थेंब टाका. पिवळी पट्टी लालसर होईल. असे का होते, ते परत आल्यावर विज्ञानाच्या सरांना विचारा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या खारट पाण्यात सूक्ष्म जीवांचे एक वेगळेच जग आहे. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, ते मिठात वाढणाऱ्या अशाच सूक्ष्म जीवांमुळे. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या 'रामसर' यादीत स्थान मिळाले. पण लक्षात ठेवा, ज्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, त्यात पडलेली घाणही बाहेर जात नाही. साबण, प्लास्टिक, उरलेले अन्न, जे टाकाल ते तेथेच राहील. आठवण म्हणून दगडही उचलू नका. एक दगड काही मोठा नाही, असे प्रत्येकाने म्हटले तर पुढच्या मुलांना काय दिसेल?

तर मित्रांनो, उद्या वर्गात वही काढा. तारीख, वेळ, खर्च आणि सामान असे चार रकाने आखा आणि कामाला लागा. लोणारने लाखो वर्षे वाट पाहिली आहे. तुमच्या तयारीसाठी आणखी चार दिवस ते सहज थांबेल.