लॅपटॉपचा ठावठिकाणा : कार्यप्रणाली बदलल्यानंतरची पडताळणी

झाशी शहराच्या पूर्वेस, लक्ष्मी दरवाजाबाहेर, लक्ष्मी ताल नावाचा जुना तलाव आहे. त्याच्या परिसरात महालक्ष्मीचे मंदिर असून गंगाधरराव नेवाळकर यांची छत्रीही तेथेच आहे. १८५३ साली पतीचे निधन झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी ती उभारविली. या तलावाच्या काठी बसून एखाद्या विद्यार्थ्याने आपला लॅपटॉप उघडला आहे आणि घरी असलेली त्याची बहीण तो लॅपटॉप नकाशावर शोधीत आहे, अशी कल्पना करावी. नकाशावरील खूण तलावाच्या ऐन मध्यभागी उमटते. लॅपटॉप बुडालेला नाही हे उघड आहे. शोधयंत्रणा बिघडली आहे असेही म्हणता येणार नाही. परंतु तीच खूण भुसावळला उमटली, किंवा तिच्याखाली तीन महिन्यांपूर्वीचा दिनांक दिसला, तर मात्र कोठेतरी दोष आहे. या तिन्ही प्रकारांतील भेद कळण्यासाठी लॅपटॉपला स्वतःचे स्थान कसे समजते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

मोबाइल फोनमध्ये उपग्रहांचे संदेश टिपणारा जीपीएस ग्राहक असतो. बहुतेक लॅपटॉपांमध्ये तो नसतो. लॅपटॉप आसमंतातील वाय-फाय राउटरांचा कानोसा घेतो. प्रत्येक राउटर स्वतःचा ४८ अंशांचा, म्हणजे ४८ बिटांचा, एक ओळखक्रमांक सतत प्रसारित करीत असतो. रस्त्याने जाणारे असंख्य फोन हे क्रमांक आणि ते ज्या जागी ऐकू आले त्या जागा टिपून ठेवतात. त्यांतून मोठमोठ्या सूची तयार झाल्या आहेत. लॅपटॉप आपल्याला ऐकू आलेले क्रमांक आणि त्यांची तीव्रता इंटरनेटवरून अशा सूचीकडे पाठवितो व उत्तरादाखल एक स्थान मिळवितो. सारांश, लॅपटॉप आपली जागा स्वतः मोजीत नाही, तो ती शेजाऱ्यांना विचारतो.

दाट वस्तीत शेजारी पुष्कळ, म्हणून उत्तर नेमके येते. तलावाकाठी एका बाजूस घरे व दुसऱ्या बाजूस मोकळे पाणी असते. दूरचे दोनतीन राउटर क्षीणपणे ऐकू येतात आणि त्यांवरून काढलेले स्थान एका बिंदूइतके लहान न राहता शेकडो मीटरांच्या वर्तुळाएवढे मोठे होते. त्या वर्तुळाचा मध्य पाण्यात पडला एवढेच. पडद्यावर मात्र अक्षांश व रेखांश दशांशचिन्हापुढे सहा सहा अंकांपर्यंत दाखविले जातात. झाशीच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २५.४ अंश उत्तरेस, तिसऱ्या दशांशस्थळाचा एक अंक उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे १११ मीटर आणि पूर्व-पश्चिम दिशेत सुमारे १०० मीटर अंतर दाखवितो. सहाव्या स्थळाचा अंक वितीहूनही लहान अंतराचा ठरतो. ज्याची चूक शेकडो मीटरांची, त्याने वितीचा हिशेब सांगावा, यातील विसंगती विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावी.

भुसावळचा प्रकार वेगळा आहे. भुसावळ आणि झाशी ही दोन्ही रेल्वेची मोठी विभागीय ठाणी. भुसावळहून बदली होऊन झाशीस आलेल्या कुटुंबाने आपला राउटर बरोबर आणला, तर सूचीमध्ये त्याची जुनी जागाच काही काळ नोंदलेली राहते. आसपास दुसरा राउटर नसेल, तर लॅपटॉप त्या एकट्या साक्षीदारावर विश्वास ठेवतो. वाय-फायचा मागमूसच नसेल, तर इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून अंदाज बांधला जातो. तो फार तर शहरापुरता खरा, आणि पुष्कळदा भलत्याच शहराचा असतो. विंडोजमध्ये वापरणाऱ्याने स्वतः एखादे ठरावीक स्थान नोंदवून ठेवले असल्यास, नेमके स्थान न मिळाल्यावर तेही पुढे केले जाते. घर बदलल्यावर ही नोंद बदलण्याचे कोणाच्या लक्षात राहत नाही.

आता उरला जुन्या दिनांकाचा प्रश्न. कार्यप्रणाली बदलल्यावर बहुधा हाच उद्भवतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल संपली, आणि त्या सुमारास असंख्य लॅपटॉपांवर विंडोज ११ चढविण्यात आली. जुन्या प्रणालीवरच नवी बसविली, तर पूर्वीच्या पसंती बहुधा टिकतात. तबकडी पुसून नव्याने मांडणी केली, तर आरंभीच काही प्रश्न विचारले जातात: स्थान वापरू द्यावे काय, हरवलेले उपकरण शोधण्याची सोय हवी काय. घाईत ‘नको’ म्हटले गेले की काम संपले. शिवाय नव्या मांडणीनंतर तोच लॅपटॉप खात्यामध्ये नवे उपकरण म्हणून नोंदला जाऊ शकतो. मग यादीत दोन नावे दिसतात. त्यांतील जुन्यावर कितीही वेळा शोध घेतला, तरी तेच शिळे स्थान समोर येते.

म्हणून पडताळणी करताना प्रथम नाव आणि दिनांक पाहावा, नकाशा नंतर. नाव बरोबर असून दिनांक जुना असेल, तर लॅपटॉपवर व्यवस्थापकाच्या अधिकाराने प्रवेश करून सेटिंग्ज, त्यातील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, व त्यातील फाइंड माय डिव्हाइस येथवर जावे. ही कळ चालू असली, तरी स्थानसेवेची कळ स्वतंत्र आहे, आणि ती बंद असल्यास पहिलीचा उपयोग नाही. खाते मायक्रोसॉफ्टचे वैयक्तिक खातेच असावे लागते. शाळा व ग्रंथालये यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण संस्थेने दिलेल्या खात्यावर ही सोय चालत नाही. तेथे उपकरण-व्यवस्थापनाची निराळी योजना करावी लागते. खाते योग्य असूनही ओळख पुन्हा पटविण्याची सूचना प्रलंबित असेल, तर ती आधी पुरी करावी. दिनांक व वेळही तपासावी. घड्याळ फार चुकले असेल, तर सुरक्षित जोडणी नाकारली जाते, आणि दोष भलत्याच ठिकाणी शोधला जातो.

एवढे करूनही स्थान मिळत नसेल, तर आसपासच्या वाय-फाय जाळ्यांची यादी उघडावी. वस्तीत असूनही ती रिकामी दिसत असेल, तर वाय-फाय यंत्रभागाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, नव्या प्रणालीशी जुळलेला नाही असा संशय घ्यावा. तारेने इंटरनेट जोडलेल्या लॅपटॉपवर हा दोष महिनोन् महिने ध्यानात येत नाही.

ॲपलच्या मॅकमध्ये ‘फाइंड माय मॅक’ची कळ आयक्लाउड खात्याखाली असते, आणि स्थानसेवांमधील प्रणालीसेवांच्या यादीत तिला वेगळी अनुमती द्यावी लागते. २०१९ च्या कॅटालिना प्रणालीपासून तेथे आणखी एक युक्ती आली. इंटरनेटशी जोडलेला नसलेला मॅकही ब्लूटूथवरून अल्पशक्तीचे, वेळोवेळी बदलणारे संकेत प्रसारित करतो. जवळून जाणारा आयफोन ते ऐकून स्वतःचे स्थान कूटबद्ध करून पाठवितो. ते कूट मालकाखेरीज कोणासही उलगडत नाही. तलावाकाठी फिरावयास आलेला अनोळखी मनुष्य अशा रीतीने नकळत साहाय्य करतो.

खरी परीक्षा लॅपटॉप हाताशी असतानाच घेता येते. तो घरापासून दूर नेऊन, तेथे इंटरनेट जोडून, दुसऱ्या उपकरणावरून त्याचा शोध घ्यावा. विंडोज असल्यास शोध घेतला जात असल्याची सूचना लॅपटॉपच्या पडद्यावर येते, आणि नकाशावर नवा दिनांक व वेळ दिसते. केवळ कळ चालू आहे एवढ्यावरून हे सिद्ध होत नाही.

लॅपटॉप चोरीस गेल्यावर नकाशावरील खूण एखाद्या घरावर उमटली, तर त्या घरी जाऊन आरोप करणे किती अन्यायाचे ठरते, याचे उदाहरण अमेरिकेत घडले आहे. तेथील एका कंपनीने, ज्या इंटरनेट क्रमांकांची जागा देशापलीकडे ठरविता येत नव्हती, त्या सर्वांना देशाच्या मध्याजवळचा, ३८ अंश उत्तर व ९७ अंश पश्चिम असा बिंदू दिला. तो कॅन्सस राज्यातील एका शेतघराजवळ पडत होता. साठ कोटींहून अधिक क्रमांक त्या एका जागेस चिकटले, आणि चोरलेल्या वस्तूंच्या शोधात लोक व अधिकारी वर्षानुवर्षे त्या निरपराध घरी येत राहिले. २०१६ साली हे उघडकीस आल्यावर कंपनीने तो बिंदू हलविला आणि मुद्दाम एका तलावाच्या पाण्यात नेऊन ठेवला.

लक्ष्मी तालाजवळच्या वस्तीत शेकडो मीटरांचे एक वर्तुळ किती घरे व्यापील, हे सांगावयास नको. तेव्हा खुणेचे चित्र, तिची वेळ व वर्तुळाचा विस्तार पोलिसांकडे द्यावा. हरवलेला फोन त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून शासनाच्या संचार साथी सेवेद्वारे बंद करविता येतो. परंतु ज्या लॅपटॉपमध्ये सिमकार्डाची सोय नाही, त्याला असा क्रमांकच नसतो. त्याच्या तळाशी छापलेला अनुक्रमांक मात्र असतो. तो खरेदीच्या पावतीसह घरी किंवा कार्यालयातील नोंदवहीत आधीच लिहून ठेवावा.