घर बदललं, पॉलिसीवर पत्ता मात्र जुनाच

नव्या घरात राहायला गेल्यावर कामांची रांग लागते. गॅसची जोडणी, वीजबिलावरचं नाव, मुलांच्या शाळेचे दाखले, सोसायटीचं पार्किंग स्टिकर. या रांगेत गाडीच्या विम्यावरचा पत्ता बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ज्यांच्या ध्यानात येतो त्यांना दोन गोष्टींची धास्ती असते: पत्ता बदलला म्हणजे विमा गेला, किंवा आता हप्ता भरमसाट वाढणार. या दोन्ही धास्तींत फारसा दम नाही. नुकसान होतं ते वेगळ्याच वाटेने, आणि त्याची कल्पना फार थोड्यांना असते.

"जुन्या पत्त्याची पॉलिसी नव्या गावात चालत नाही"

चालते. खाजगी मोटारीची नेहमीची पॉलिसी सबंध भारतात लागू असते. कोल्हापूरची गाडी पुण्यात आली म्हणून विमा थांबत नाही. अपघातात दुसऱ्या कोणाला इजा झाली तर भरपाई नाकारण्यासाठी विमा कंपनीला कोणती कारणं पुढे करता येतात, ते मोटार वाहन कायद्यात नेमकेपणाने लिहिलेलं आहे. त्यात वैध परवाना नसणं आहे, दारू पिऊन गाडी चालवणं आहे, हप्ताच न भरलेला असणं आहे. घर बदलल्याचं कळवलं नाही, हे कारण त्यात नाही.

एक फरक मात्र नीट समजून घ्यावा. पत्ता बदलायचा राहून जाणं वेगळं आणि कर किंवा हप्ता वाचावा म्हणून मुद्दाम खोटा पत्ता देणं वेगळं. विम्याचा करार विश्वासावर उभा असतो. महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी देऊन घेतलेली पॉलिसी कंपनी रद्दबातल ठरवून घेऊ शकते, आणि ते कारण कायद्याच्या त्या यादीत आहे.

"हप्ता दणकून वाढेल, म्हणून न कळवलेलंच बरं"

आपल्याकडे खाजगी मोटारींच्या दरासाठी देशाचे दोन झोन ठरलेले आहेत. 'ए' झोनमध्ये मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद आणि अहमदाबाद ही आठ शहरं, आणि 'बी' झोनमध्ये उरलेला सगळा देश. झोन ठरतो तो गाडीची नोंदणी कोणत्या आरटीओत आहे यावरून. तुम्ही आज रात्री गाडी कुठे लावता यावरून नाही.

या दोन झोनांत फरक किती? जुन्या टॅरिफप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या आणि पाच वर्षांच्या आतल्या गाडीला 'ए' झोनमध्ये आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ३.१२७ टक्के आणि 'बी' झोनमध्ये ३.०३९ टक्के दर होता. आयडीव्ही सहा लाख धरली तर एकीकडे १८,७६२ रुपये आणि दुसरीकडे १८,२३४. फरक वर्षाला ५२८ रुपये, तोही सवलती वजा करण्यापूर्वीचा. २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. आता कंपन्या आपापल्या हिशेबात शहर कमीजास्त धरतात, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी थोडा फरक दिसू शकतो. थर्ड पार्टीचा हप्ता मात्र सरकार ठरवतं आणि तो इंजिनाच्या सीसीवर असतो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत हजार सीसीच्या आतल्या खाजगी गाडीला २,०९४ रुपये, मग ती गाडी दादरची असो की देवरुखची. नो क्लेम बोनसही पत्ता बदलल्याने कमी होत नाही.

मग ही धास्ती आली कुठून? बरीचशी परदेशातल्या नातेवाइकांकडून आणि तिथल्या व्हिडिओंमधून. अमेरिकेत विम्याचे नियम राज्यागणिक वेगळे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात राहायला गेलं की सहसा तिथल्या नियमांची पॉलिसी घ्यावी लागते. कॅलिफोर्नियात पत्ता बदलल्यावर १० दिवसांत वाहन विभागाला कळवायचं असतं, आणि बाहेरून येऊन तिथे स्थायिक होणाऱ्याला २० दिवसांत गाडीची नोंदणी करावी लागते. ब्रिटनमध्ये तर पोस्टकोड बदलला की हप्ता खरोखरच बदलतो. तिथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी घर बदलायच्या आधीच विमा कंपनीशी बोलून ठेवावं. पण तिथला नियम नाशिकच्या गाडीला लावायचं कारण नाही.

"पत्र आलं नाही तर बिघडलं कुठे? सगळं मोबाइलवर येतं"

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती याच समजुतीची.

समजा, तुमच्या गाडीचा एका दुचाकीला धक्का लागला. त्या वेळी प्रकरण मिटल्यासारखं वाटलं. काही महिन्यांनी जखमी माणसाने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केला. कायद्याने त्याला तो आपल्या राहत्या जागेजवळही करता येतो, त्यामुळे न्यायाधिकरण तुमच्या गावचं असेलच असं नाही. गाडीमालक म्हणून तुम्ही त्यात सामनेवाले. नोटीस निघते ती नोंदीतल्या पत्त्यावर. पोस्टमन तुमच्या जुन्या दारापाशी जातो, नवा भाडेकरू मान हलवतो आणि लिफाफा 'सदर पत्त्यावर राहत नाही' असा शेरा घेऊन परत जातो. पुढे पर्यायी मार्गाने नोटीस बजावली गेली आणि तुम्ही हजर झाला नाहीत, तर प्रकरण तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालू शकतं. गाडी कोण चालवत होतं, त्याच्याकडे वैध परवाना होता का, हे सांगायची तुमची संधीच जाते. परवान्याचा कागद वेळेत समोर आला नाही, तर कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेशही होऊ शकतो. विमा असूनही पैसे खिशातून जाण्याची ही वाट आहे.

नूतनीकरणाचंही तेच. पत्ता जुना, मोबाइल नंबरही बदललेला, आणि आठवण करून देणारा जुना एजंट जुन्याच गावात. पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटले की साठवलेला नो क्लेम बोनस जातो. तो जास्तीत जास्त ५० टक्क्यांपर्यंत पोचलेला असतो. विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. झोनमुळे वाढणारे चारपाचशे रुपये वाचवायला जाऊन हे ओढवून घेण्यात काय हशील?

"आधारवर पत्ता बदलला, म्हणजे सगळीकडे बदलला"

नाही. आधार, आरसी आणि पॉलिसी या तीन स्वतंत्र नोंदी आहेत. एक बदलली म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. गाडीच्या कर्जाच्या बँकेला कळवलं तरी विमा कंपनीला कळलं असं होत नाही.

आरसीवरचा पत्ता बदलणं तर कायद्याने बंधनकारक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४९ प्रमाणे नवा पत्ता ३० दिवसांत आरटीओला कळवायचा असतो. त्यासाठी फॉर्म ३३. परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. सोबत नव्या पत्त्याचा पुरावा, चालू विमा, पीयूसी, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी लागते. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार जपून ठेवा. तो इथे कामी येतो. राज्यातल्या राज्यात गेलात तर गाडीचा नंबर बदलत नाही. एमएच-०९ ची गाडी पुण्यात एमएच-०९ च राहते.

पॉलिसीवरच्या बदलाला एंडोर्समेंट म्हणतात. एजंटकडून, कंपनीच्या ॲपवरून किंवा शाखेत जाऊन ते करून घेता येतं, आणि खर्च झालाच तर किरकोळ असतो. नवी पॉलिसी घ्यावी लागत नाही. एंडोर्समेंटचा कागद हाती आला की पहिलं पान नीट वाचा: पत्ता, मोबाइल, गाडीचा नंबर, चॅसिस नंबर, इंजिन नंबर. यातला एखादा आकडा चुकला तर तो दुरुस्त करायची हीच वेळ. क्लेमच्या वेळी सर्व्हेयर तो आरसीशी ताडून पाहतो तेव्हा नव्हे.

इथे एक गोष्ट हमखास सुटते. सप्टेंबर २०१८ पासून नवी मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र दरवर्षी, आणि तो दुसऱ्या कंपनीकडून घेतला तरी चालतो. त्यामुळे कित्येकांच्या एकाच गाडीच्या दोन पॉलिसी दोन कंपन्यांत असतात. पत्ता दोन्हीकडे बदलायला हवा. आठवण राहते ती दरवर्षी पैसे भरतो त्या कंपनीची, आणि न्यायाधिकरणाच्या दाव्यात कामाला येते ती दुसरी.

"ट्रकवर चढवलेल्या गाडीला विमा लागू नाही"

कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असेल तर लागू आहे. रस्त्याने, रेल्वेने किंवा जलमार्गाने गाडी नेताना झालेलं नुकसान त्यात येतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर येत नाही. गाडीत भरलेली भांडीकुंडी आणि टीव्ही मात्र गाडीच्या विम्यात कधीच येत नाहीत. पॅकर्सच्या ताब्यात देण्यापूर्वी गाडीचे चारही बाजूंनी आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढून ठेवावेत.

दुसऱ्या राज्यात गेलात तर

इथे काम खरोखर वाढतं. पणजीहून ठाण्याला आलात आणि गाडी महाराष्ट्रात १२ महिन्यांहून अधिक राहणार असेल, तर नवा नंबर घ्यावा लागतो. आधी गोव्याच्या आरटीओची एनओसी, मग इथला रोड टॅक्स, मग इथली नोंदणी. गोव्यात भरलेल्या करातल्या उरलेल्या काळाचा परतावा तिथे अर्ज करून मागायचा असतो. सतत बदली होणाऱ्या नोकरदारांसाठी २०२१ मध्ये बीएच मालिका आली. त्या नंबरच्या गाडीला ही नवी नोंदणी लागत नाही, पत्ता मात्र तिचाही बदलावाच लागतो.

पॉलिसीवरचा पत्ता आल्या आल्या बदलून घ्या. त्यासाठी नव्या आरसीची वाट पाहायचं कारण नाही. नवा नंबर हाती आला की त्याचं दुसरं एंडोर्समेंट करा. झोन बदलला असेल तर उरलेल्या महिन्यांपुरता फरक तेव्हाच भरावा लागेल. मधल्या काळात गाडीला काही झालंच, तर एनओसीची प्रत, नोंदणीच्या अर्जाची पावती आणि जुनी आरसी हे तीन कागद एकत्र ठेवलेले असावेत.