उज्जैनचे बाफले

महाकालेश्वराचे दर्शन आटोपताच आपला यात्रेकरू नानाखेड्याच्या बसस्थानकाकडे धाव घेतो आणि वाटेत शेव घातलेले पोहे व जिलबी खाऊन माळवा चाखल्याचे समाधान मानतो. पहिल्या खेपेस मीही तेच केले. पोह्यांतील बडीशेप मोठी खमंग, हे खरे. परंतु माळव्याची खरी ओळख बाफल्यांत आहे. गव्हाच्या जाडसर पिठाला तुपाचे मोहन देऊन केलेले गोळे आधी उकळत्या पाण्यात शिजवतात आणि मागाहून गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. राजस्थानी बाटी एरवी थेट विस्तवावर जाते, म्हणून ती टणक. बाफला आतून मऊ. तो फोडून तुपात बुडवावा, वर तुरीचे वरण घ्यावे. दोन बाफले पुष्कळ होतात. बस मात्र संध्याकाळची धरावी. जेवणानंतर डोळा लागतोच.