कडाक्याच्या थंडीत डिझेल वाहने : इंधनाचा महिना, फिल्टर आणि दक्षता

दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील हिवाळा शेतीच्या वाहनांची दरवर्षी परीक्षा घेतो. दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत १ जानेवारी २०२१ रोजी १.१ अंश सेल्सिअस, तर १६ जानेवारी २०२३ रोजी १.४ अंश सेल्सिअस किमान तापमान नोंदले गेले. शहराबाहेरील उघड्या शिवारात पहाटेचा गारवा याहूनही अधिक जाणवतो. नेमक्या याच वेळी सोनीपत, पानिपत, झज्जर, गाझियाबाद या भागांतून भाजीपाला आणि दूध घेऊन वाहने निघतात. आझादपूर बाजार समितीत माल उशिरा पोहोचला तर भाव हातचा जातो. म्हणूनच पहाटे वाहन सुरू न होणे हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही, तो उत्पन्नाचा प्रश्न ठरतो.

थंडीत डिझेलचे काय होते?

डिझेलमध्ये पॅराफिन प्रकारचे मेणयुक्त घटक नैसर्गिकरीत्या असतात. त्यांच्यामुळे इंधन चांगले पेटते. मात्र तापमान उतरू लागले की हे घटक विरघळलेल्या स्थितीत राहत नाहीत. ही प्रक्रिया तीन टप्प्यांत घडते. प्रथम मेणाचे सूक्ष्म स्फटिक तयार होऊन डिझेल धूसर दिसू लागते. त्यानंतर हे स्फटिक फिल्टरच्या कागदावर साचतात आणि इंधनाचा मार्ग अडतो. तापमान आणखी घसरल्यास डिझेल घट्ट होऊन वाहणेच थांबते. दुसऱ्या टप्प्याच्या तापमानाला इंधनाच्या परिभाषेत ‘सीएफपीपी’, तर डिझेल ज्या किमान तापमानापर्यंत वाहू शकते त्याला ‘पोअर पॉइंट’ असे म्हणतात.

भारतीय मानक आयएस १४६० नुसार नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने हिवाळी आणि उर्वरित आठ महिने उन्हाळी मानले जातात. हिवाळी डिझेलचा सीएफपीपी जास्तीत जास्त ६ अंश आणि पोअर पॉइंट जास्तीत जास्त ३ अंश असावा, असा नियम आहे. उन्हाळी डिझेलसाठी हीच मर्यादा अनुक्रमे १८ आणि १५ अंश आहे.

या आकड्यांत शेतकऱ्यासाठी महत्त्वाचा अर्थ दडलेला आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पिंपात भरून ठेवलेले डिझेल उन्हाळी मानकाचे असू शकते. जानेवारीत गव्हाच्या पाण्यासाठी इंजिन लावताना किंवा ट्रॅक्टरमध्ये तेच डिझेल ओतल्यास फिल्टर तुंबण्याचा धोका वाढतो. दोष यंत्राचा नसतो, इंधन भरल्याच्या महिन्याचा असतो.

पानिपतचे डिझेल आणि लडाखची थंडी

याच राजधानी क्षेत्रातील पानिपत येथील इंडियन ऑइलच्या शुद्धीकरण कारखान्याने लडाखसाठी खास हिवाळी डिझेल तयार केले. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्याची विक्री सुरू झाली. त्याचा पोअर पॉइंट उणे ३३ अंश आहे. लेह, कारगिल, काझा, केलाँग यांसारख्या उंचावरील भागांत तापमान उणे ३० अंशांच्या आसपास उतरते, तेव्हा सामान्य डिझेल टाकीतच गोठते. मैदानी प्रदेशात अशा विशेष इंधनाची गरज नाही. परंतु डिझेल ज्या हवामानात वापरायचे त्या हवामानाला अनुरूप असले पाहिजे, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच लागू पडते.

बिघाड कसा ओळखावा?

पहाटे वाहन अडल्यास लक्षणांवरून कारण बरेचसे कळू शकते.

• स्टार्टर संथ फिरत असल्यास प्रथम बॅटरी तपासावी. शून्य अंशाजवळ बॅटरीची क्षमता साधारण एक तृतीयांशाने कमी होते. त्याच वेळी इंजिनातील ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवण्यास अधिक बळ लागते.

• स्टार्टर जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही आणि केवळ पांढरा धूर येतो, अशा वेळी सिलिंडरमध्ये पुरेशी उष्णता निर्माण होत नसते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारा हीटर असलेल्या इंजिनांत तो बिघडला आहे का, ते पाहावे.

• इंजिन सुरू होते, काही मिनिटे चालते आणि जोर कमी होत बंद पडते, हे फिल्टर तुंबल्याचे ठळक लक्षण आहे. मेणाबरोबरच टाकीतील पाणीही याला कारणीभूत असते. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतील हवेतील बाष्पाचे पाणी होऊन तळाशी साचते.

हे टाळावे

टाकीखाली किंवा इंजिनाखाली पराली, लाकूड अथवा चिंध्या पेटवण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. गळणारे डिझेल, प्लास्टिकच्या नळ्या आणि विजेच्या तारा क्षणात पेट घेऊ शकतात.

डिझेल पातळ करण्यासाठी रॉकेल मिसळणे ही भेसळ ठरते. त्याने इंधनाचे वंगणगुण घटतात आणि पंप व इंजेक्टरची झीज वाढते. दिल्लीत १ एप्रिल २०१८ पासून आणि देशभर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ इंधन लागू आहे. बीएस-६ वाहनांचे सूक्ष्म इंजेक्टर आणि धूर गाळणारी यंत्रणा अशा भेसळीने लवकर निकामी होते आणि दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. डिझेलमध्ये पेट्रोल मिसळणे तर थेट आगीला निमंत्रण आहे. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात इथरयुक्त स्टार्टिंग स्प्रे मारू नये; त्याने इंजिनात स्फोटक ज्वलन होऊ शकते.

हे करावे

१. पिंपावर डिझेल भरल्याचा महिना लिहावा. ऑक्टोबरपर्यंतचा साठा थंडी वाढण्यापूर्वी वापरून संपवावा आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर ताजे डिझेल घ्यावे.

२. पिंपाच्या तळाचे डिझेल वाहनात ओतू नये. मेण आणि पाणी तेथेच साचते.

३. काम आटोपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. फिल्टरखालील वॉटर सेपरेटरमधील पाणी थंडीच्या दिवसांत नियमित काढावे.

४. डिसेंबरपूर्वी डिझेल फिल्टर बदलावा आणि एक फिल्टर जवळ ठेवावा.

५. बॅटरीची टोके स्वच्छ व घट्ट ठेवावीत. इंजिन ऑइलची श्रेणी उत्पादकाच्या पुस्तिकेनुसारच निवडावी. पुस्तिकेत परवानगी असल्यास २०डब्ल्यू-४० ऐवजी १५डब्ल्यू-४० ऑइल थंडीत अधिक सहज वाहते.

६. रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात कूलंट वापरावे. ते गोठण्यापासून आणि गंजापासूनही संरक्षण देते.

७. वाहन छपराखाली, वाऱ्याच्या आडोशाला उभे करावे.

८. फिल्टर तुंबल्यास गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके फिल्टरभोवती गुंडाळावे. विजेच्या जोडण्यांवर पाणी पडू देऊ नये. मेण पुन्हा विरघळले की इंधन वाहू लागते. न वाहिल्यास फिल्टर बदलावा.

९. इंजिन सुरू झाल्यावर एक-दोन मिनिटांनी हळूहळू मार्गस्थ व्हावे. दीर्घकाळ उभ्याने चालवल्यास डिझेल वाया जाते आणि आधीच धुरक्याने कोंदलेल्या हवेत भर पडते.

महाराष्ट्रातील वाचकांसाठी

निफाडसारख्या द्राक्षपट्ट्यात काही वर्षी किमान तापमान ५ अंशांखाली उतरते. तेथेही फवारणीचे ट्रॅक्टर आणि पंप पहाटे अडू शकतात. नाशिक किंवा जळगावहून माल घेऊन उत्तरेकडे जाणाऱ्या चालकांनी जुन्या साठ्यातील डिझेलवर निघू नये आणि सोबत एक फिल्टर अवश्य ठेवावा.

विस्तार कार्यकर्त्यांनी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातील गावबैठकीत रब्बी पिकांच्या सल्ल्यासोबतच ‘पिंपातील डिझेल कोणत्या महिन्याचे?’ हा एक प्रश्न प्रत्येक शेतकऱ्याला विचारावा. त्याचे उत्तर वेळेवर मिळाले, तर जानेवारीतील अनेक पहाटांची धावपळ टळेल.