जीपच्या पोटाखाली

गोव्यातल्या कुळे गावातून दूधसागर धबधब्याकडे निघालेली जीप भगवान महावीर अभयारण्यातून जाते आणि वाटेत तिला वाहत्या पाण्यात उतरावं लागतं. पावसाळ्यात ही वाट बंद असते. पाऊस ओसरला की हंगाम सुरू होतो आणि मग महिनोन्‌महिने त्याच जीप त्याच ओढ्यांतून पर्यटकांची ने-आण करतात. तिकडे चंद्रपूर जिल्ह्यात, ताडोबाच्या मोहर्ली दरवाजातून आत जाणाऱ्या उघड्या जिप्सींची गाठ पाण्याऐवजी धुळीशी असते. मारुतीनं १९८५ मध्ये आणलेली ही गाडी आता बाजारात नवी मिळत नाही. तरी जंगलातल्या कितीतरी फेऱ्या अजून तीच मारते.

या गाड्या टिकतात त्या रोजच्या देखभालीवर. महिंद्राची नवी थार घेणारा हौशी माणूस आधी मोठे टायर आणि जादा दिवे बघतो. जीपवर ज्याचं पोट आहे तो मात्र सकाळी वाकून गाडीखाली बघतो. कुठे तेलाचा डाग पडलाय का, यू-बोल्ट ढिला झालाय का, पाट्याचं एखादं पान सरकलंय का, हे पाहायला पाच मिनिटं पुरतात. घरच्या घरी गाडीत बदल करू पाहणाऱ्यानं सुरुवात याच पाच मिनिटांपासून करायला हवी.

जीप घरी दुरुस्त करता येते याचं कारण तिच्या जुन्या रचनेत आहे. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप आघाडीवर, साध्या पान्यांनी दुरुस्त व्हावी अशीच घडवलेली होती. महिंद्रानं स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी, एमएम ५४० अशा गाड्यांतून तोच सांगाडा अनेक दशकं चालत राहिला. शिडीसारखी चेसिस, तिच्यावर बोल्टनं बसवलेली बॉडी, खाली सलग ॲक्सल आणि पाटे. कुठलाही भाग सुटा करता येतो, समोर ठेवून बघता येतो. म्हणूनच तालुक्याच्या गावातला मिस्त्रीही जीपचा गिअरबॉक्स न घाबरता उतरवतो.

देखभालीत पहिला मान ग्रीसचा. पाट्यांच्या शॅकल पिना, स्टीअरिंगचे सांधे आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस यांवर जुन्या जीपमध्ये ग्रीस निपल असतात. ग्रीसगननं आत नवं ग्रीस भरलं की जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर येतं आणि त्याबरोबर आत शिरलेली रेती आणि पाणीही. त्यामुळे पाण्यातून गाडी गेली की किलोमीटर मोजत बसू नये, लगेच ग्रीस मारावं. क्रॉस कोरडा पडला तर आधी गाडी सोडताना ‘टक्‌’ असा आवाज येतो, मग वेगात थरथर जाणवते. तिकडेही काणाडोळा केला तर एखाद्या दिवशी शाफ्टच सुटून खाली येतो.

धुळीच्या मुलखात तेवढंच लक्ष एअर फिल्टरकडे हवं. जुन्या जीपमध्ये तेलाचा फिल्टर असे. आत ओढलेली हवा वाटीतल्या तेलावरून वळण घेते, जड धूळकण तेलात अडकतात आणि पुढे जाळीतून स्वच्छ हवा इंजिनात जाते. वाटीच्या तळाशी गाळ साचला की ती रॉकेलनं धुऊन खुणेपर्यंत नवं तेल भरायचं, एवढंच काम. कागदी फिल्टर असेल तर हवा आतून बाहेर आणि कमी दाबानं मारायची. बाहेरून जोरात मारली तर धूळ कागदात आणखी घट्ट बसते. फिल्टरच्या फटीतून आत गेलेली बारीक धूळ सिलिंडरच्या भिंती झिजवते. मग गाडी धूर सोडते, तेल पिते आणि खर्च शेवटी इंजिन उघडण्यापर्यंत जातो.

पाण्याचं गणित वेगळं. घाट चढून आलेल्या गाडीचं डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलवरचा गिअरांचा गोळा, तापलेलं असतं. ते थंड ओढ्यात बुडालं की हाऊसिंगमधली हवा आकसते आणि आत ओढ निर्माण होते. हाऊसिंगवर श्वास घेण्यासाठी एक छोटी वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. तो पाण्याखाली असला तर त्यातून पाणी आत येतं. चिखलानं बुजलेला असला तर तीच ओढ ऑइल सीलवर येते आणि पाणी तिथून वाट काढतं. वरून काहीच दिसत नाही. आत मात्र तेल आणि पाणी घुसळून दुधाळ होतं, त्याचा वंगणपणा जातो आणि क्राऊन-पिनियनचे दाते झिजू लागतात.

यावरचा उपाय हा घरगुती बदलांमधला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल म्हणावा लागेल. ब्रीदरला तेल सोसणारी रबरी नळी जोडायची, ती चेसिसच्या कडेनं वर न्यायची आणि तिचं तोंड इंजिनाच्या खोलीत, उंचावर, खाली वळवून क्लिपनं बांधायचं. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केसलाही हेच करता येतं. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. ॲक्सल खालीवर होताना ताणली जाणार नाही इतकी ढील नळीत हवी आणि ती सायलेन्सरपासून लांब हवी.

स्नॉर्कलचं आकर्षण यापेक्षा मोठं, पण त्याचं काम एवढंच की इंजिनाला हवा उंचावरून मिळावी. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरलं आणि पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणूनच पाण्यात गाडी बंद पडली आणि इंजिनात पाणी गेल्याची शंका असली तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. गाडी ओढून काढायची आणि फिल्टरचा डबा उघडून बघायचा. स्नॉर्कल बसवलं तरी त्याचा प्रत्येक जोड हवाबंद नसेल तर पाणी जोडातून शिरतं. आणि हवेची वाट कितीही उंच नेली तरी अल्टरनेटर, वायरिंगचे जोड आणि ब्रीदर जिथल्या तिथेच राहतात. २०२० मध्ये आलेल्या थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर खोल पाण्याची मर्यादा सांगते. ही खोली वाहत्या पाण्यात काठावरून ओळखू येत नाही. काठी घेऊन आधी कुणीतरी चालत जाणं, हाच भरवशाचा मार्ग.

टायर आणि लिफ्ट या दोन बदलांबद्दल गैरसमज जास्त आहेत. पाटे उंच केले किंवा स्पेसर टाकले की गाडीची बॉडी आणि चेसिस वर जाते. सलग ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त टायर मोठा केल्यानं, आणि तोही व्यासातल्या वाढीच्या निम्माच. पहिल्या थारवर येणाऱ्या २३५/७० आर १६ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटर भरतो. त्या जागी ३१ इंची टायर घातला तर व्यास ७८७ मिलिमीटर होतो. वाढ ५२ मिलिमीटरची, पण डिफरन्शियलखाली मिळाले जेमतेम २६.

त्या २६ मिलिमीटरची किंमतही बघायला हवी. टायरचा घेर सात टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८५ ते ८६ च्या वेगानं पळते. गिअर लांब पडल्यासारखे होतात, चढावर क्लचवर ताण येतो आणि ब्रेकला जड चाक थांबवावं लागतं. लिफ्टमुळे प्रोपेलर शाफ्टचा कोन तिरपा होतो आणि क्रॉस लवकर झिजतात. ब्रेकची रबरी नळी मूळ मापाचीच राहिली तर एक चाक खड्ड्यात लोंबकळताना ती ताणून फुटू शकते. गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर गाडी उलटण्याची भीती वाढते. यांतली एक गोष्ट बदलली की बाकीच्या सगळ्या तपासाव्या लागतात.

खर्च न करता पकड वाढवण्याचा उपाय व्हॉल्व्हपाशीच आहे. रस्त्यावर ३० पीएसआयच्या आसपास असलेली हवा चिखलात १८-२० पर्यंत उतरवली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि त्याच रबराची पकड वाढते. परतताना डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरलीच पाहिजे. कमी हवेवर वेगात पळवलेल्या टायरच्या कडा तापतात आणि तो फुटू शकतो. म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंप आणि हवा मोजायचा गेज ही जोडी कुठल्याही चमकदार बंपरच्या आधी घ्यावी.

जादा दिवे लावणं हा घरी होणारा दुसरा बदल. पंचावन्न वॉटचे दोन दिवे बारा व्होल्टवर साधारण नऊ ॲम्पिअर विजेचा प्रवाह ओढतात. तो थेट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून नेला तर स्विच तापतो, वायर वितळते आणि गाडी पेट घेऊ शकते. बॅटरीजवळ फ्यूज, मध्ये रिले आणि स्विचकडे फक्त रिले चालवण्यापुरती बारीक वायर, अशी जोडणी केली की हा धोका टळतो. वायर जिथे पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट घालायला विसरू नये. जीपची थरथर पत्र्याच्या धारेवर वायर घासत राहते आणि शॉर्ट तिथेच होतो.

कोकण किनाऱ्यावरच्या जीपचा खरा शत्रू गंज. पावसाळ्याआधी चेसिसला जळकं काळं तेल मारायची पद्धत गावोगाव आहे. त्यानं गंज लांबतो हे खरं, पण तेच तेल रबरी बुश फुगवतं, ब्रेकवर उडालं तर घात करतं आणि पहिल्या सरीबरोबर शेतात, विहिरीत उतरतं. त्यापेक्षा चेसिस गोड्या पाण्यानं धुऊन, वाळवून, गंज तारेच्या ब्रशनं काढून प्राइमर आणि रंग लावणं जास्त टिकतं. फ्लोअरच्या पत्र्याला पाणी निघून जाण्यासाठी भोकं असतात. चिखलानं ती बुजली की पत्रा आतून कुजतो. एका तारेनं ती मोकळी करता येतात.

फोर व्हील ड्राइव्हचा दांडाही वापरात ठेवावा लागतो. वर्षभर हात न लावलेला दांडा नेमका चिखलात अडकतो. महिन्यातून एकदा, मातीच्या किंवा मुरमाच्या रस्त्यावर तो टाकून थोडं अंतर चालवलं की आतलं तेल फिरतं. कोरड्या डांबरावर मात्र तो टाकू नये. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात, आणि जीपसारख्या गाडीत हा फरक सोसणारं मधलं डिफरन्शियल नसतं. माती थोडी घसरू देते, डांबर देत नाही; सगळा पीळ गिअरांवर येतो.

हे सगळे बदल कायद्याच्या चौकटीत बसायला हवेत. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. समोरचे लोखंडी बुल बार केंद्राच्या डिसेंबर २०१७ च्या पत्रानं नियमबाह्य ठरले. पादचाऱ्याला ते घातक असतातच. शिवाय धडक झाली तर मूळ बंपर आणि एअरबॅगचे सेन्सर त्यांच्यामुळे हवं तसं काम करत नाहीत.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासणीला न्यावी लागते. जुन्या जीपच्या मालकासाठी हा दिवस महत्त्वाचा असतो. तिथे चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदाशी ताडून पाहतात, दिवे आणि ब्रेक तपासतात. दुसऱ्याच गाडीचं इंजिन परवानगीशिवाय बसवलेली जीप इथेच अडते. ब्रीदरची वर नेलेली नळी, फ्यूज-रिलेची नीट जोडणी, रंगवलेली चेसिस आणि वेळेवर मारलेलं ग्रीस यांसाठी मात्र कागदावरचा एकही शब्द बदलावा लागत नाही.