महिनाभरात बोला फाडफाड ‘हंबरभाषा’! क्लास गोठ्यातच, फी फक्त मूठभर पेंड

इंग्रजी तीस दिवसांत फाडफाड बोलता येते, अशा पाट्या एसटी स्टँडवर लागतात. मग रोज दूध देणाऱ्या लक्ष्मीची भाषाच का येऊ नये? दूध धंदा करणाऱ्या मंडळींसाठी पाच धड्यांचा हा कोर्स. वयाची अट नाही, शिंगांची तर मुळीच नाही.

धडा १ : उच्चार
पहाटे गोठ्यात जावे, तोंड मिटावे आणि नाकातून ‘हंऽऽ’ काढावे. घरच्यांनी विचारलेच तर घसा बसलाय म्हणून सांगावे. वासरू जवळ असले की गाय असाच तोंड मिटून, खालच्या पट्टीत हुंकार देते. वासरू लांब गेले की तोंड उघडून वरच्या पट्टीत हंबरते. प्रत्येक गाईचा आवाज वेगळा असतो आणि वासराला आईचा आवाज बरोबर कळतो. त्यामुळे कितीही रियाज केला तरी वासरू काही फसत नाही. फार तर शेजारी बॅटरी घेऊन बघायला येतात.

धडा २ : संभाषण
माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईला सुमारे ३५ हजारांपर्यंत. म्हणजे गोठ्यातले काही आवाज आपल्या कानावर पडतच नाहीत, ते फक्त तिला ऐकू येतात. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने तिला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, फक्त बरोबर मागचे दिसत नाही. म्हणून बोलणे मागून सुरू करू नये. बाजूने, हळू आवाज देत जावे. नाहीतर उत्तर लाथेने येते, आणि या भाषेत लाथ म्हणजे पूर्णविराम.

धडा ३ : रवंथ म्हणजे ‘सगळं बरं आहे’
बोलणे जमले नाही तरी वाचणे जमते. धडधाकट गाय दिवसभरात सात-आठ तास रवंथ करते. एक घास साधारण ४० ते ७० वेळा चघळते. नाकपुडी ओलसर असते. रवंथ थांबली, नाकपुडी कोरडी पडली, कान लोंबले, की समजावे : ती काहीतरी सांगतेय. ताप बघायचा तर साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट हे ठीक. थर्मामीटर शेपटीखाली लावायचा असतो. तोंडात धरायला सांगून उपयोग नाही, ती त्याचीही रवंथ करील.

धडा ४ : सगळ्यात महागडं वाक्य
गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते आणि माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो. सारखी हंबरते, दूध कमी देते, दुसऱ्या जनावरावर चढते, दुसरे चढले तर उभी राहते, काचेसारखा चिकट सोट टाकते. म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. ती आवाजच करत नाही, म्हणून सकाळी लवकर आणि रात्री नीट बघावे लागते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन, हा साधा हिशेब. हे वाक्य ऐकू आले नाही तर २१ दिवसांचा चारा आणि पेंड फुकट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवणारा माणूस या भाषेत पहिला नंबर काढतो.

धडा ५ : इथे चेष्टा बंद
कोवळा लसूणघास किंवा ओला द्विदल चारा जास्त खाल्ला आणि डावी भकाळी फुगली, टिचकी मारल्यावर ढोलासारखी वाजली, जनावर सारखे ऊठबस करून धापा टाकू लागले, तर ती पोटफुगी. काही तासांत जीव जाऊ शकतो. जीभ ओढून, मान वर करून बळजबरीने काही पाजू नये. ते फुफ्फुसात गेले तर दुसरेच संकट उभे राहते. लगेच जवळच्या पशुवैद्यकाला किंवा १९६२ या टोल फ्री नंबरला फोन लावावा. फोनवर हंबरू नये, साध्या मराठीत सांगावे : जनावर कोणते, काय खाल्ले, कधीपासून फुगले, गाभण आहे का, गावाचा आणि वस्तीचा पत्ता काय.

परीक्षा
तोंडी परीक्षा नाही. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे मोबाईल खिशात ठेवून गोठ्यात नुसते उभे राहायचे आणि बघायचे. एवढे जमले की पास. सर्टिफिकेट मिळत नाही, पण दुधाच्या बिलात मार्क दिसतात.