कर्नलचे डेडस्टॉक रजिस्टर

उन्हाळ्यात बदल्या होतात आणि जूनमध्ये शाळेत नवे मुख्याध्यापक रुजू होतात. शाळा कशी चालवायची हे त्यांना पक्के ठाऊक असते. पण या शाळेत खोल्या किती, बोअरच्या मोटारीचे बटण कुठे, तराजू कोणत्या कपाटात, हे त्यांना कसे कळावे? मुलांचे सोपे असते. हजेरी घेतली की ती 'हजर' म्हणतात. कपाट मात्र काही बोलत नाही. म्हणून पदभार घेताना जडसंग्रह नोंदवही, म्हणजे आपले नेहमीचे डेडस्टॉक रजिस्टर, हाती घ्यावे लागते.

संगणकातही अगदी हाच प्रश्न उभा राहतो. तो आमच्या ध्यानात नीट आला तो धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील एका शाळेत. विज्ञान शिक्षकांबरोबर आम्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला तापमान मोजणारा संवेदक जोडत होतो. डीएस१८बी२० हा तीन पायांचा, स्वस्त संवेदक. जोडणी बरोबर होती, रोधही योग्य होता, तरी आकडा काही दिसेना. दोन संवेदक बदलून झाले. "माल खराब निघाला," असे म्हणून ते टाकून देण्याची तयारी झाली. शेवटी संगणकाच्या मांडणीच्या फाइलमध्ये एकच ओळ वाढवली आणि संगणक पुन्हा सुरू केला. खोलीचे तापमान ३८ अंश दिसू लागले. 'खराब' ठरलेले दोन्ही संवेदकही मग उत्तम चालले. त्या एका ओळीने नेमके काय केले?

हजेरी देणारे आणि न देणारे

कार्यप्रणालीचा मध्यवर्ती भाग म्हणजे कर्नल. प्रोसेसर, स्मृती आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार तो पाहतो. यूएसबीला जोडलेला माउस विचारल्यावर आपला उत्पादक आणि प्रकार यांचे क्रमांक सांगतो. तो हजेरी देतो. पण मोबाइल फोन आणि छोटे बोर्ड यांमधील बरेचसे भाग प्रोसेसरच्याच चिपमध्ये ठरावीक पत्त्यांवर बसवलेले असतात आणि ते आपले नाव सांगत नाहीत. एकेका पत्त्यावर चाचपडून पाहणेही धोक्याचे, कारण रिकाम्या पत्त्याला हात लावताच यंत्र थिजू शकते.

पूर्वी ही माहिती कर्नलच्या प्रोग्रॅममध्येच लिहीत. म्हणजे प्रत्येक शाळेसाठी वेगळा मुख्याध्यापक घडवण्यासारखेच ते! आर्म जातीच्या प्रोसेसरांचे बोर्ड वाढले तसा हा पसारा हाताबाहेर गेला. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. उपाय मात्र जुनाच होता. सन आणि अॅपल यांच्या संगणकांत वापरलेल्या आणि १९९४ मध्ये प्रमाणित झालेल्या 'ओपन फर्मवेअर' पद्धतीत यंत्राचे वर्णन एका वृक्षाच्या रूपात ठेवलेले असे. तोच हा 'डिव्हाइस ट्री'. आर्मच्या बोर्डांनीही तो स्वीकारला.

नोंद कशी असते?

या वृक्षाच्या मुळाशी संपूर्ण बोर्ड असतो. त्याला प्रोसेसर, स्मृती, घड्याळे, जोडवाहिन्या अशा फांद्या असतात. प्रत्येक नोंदीत साधारणपणे चार प्रश्नांची उत्तरे मिळतात: ही वस्तू कोणत्या प्रकारची? तिचा पत्ता कोणता? लक्ष वेधायचे असल्यास ती कोणत्या तारेवरून खूण करते? आणि ती वापरात आहे की बंद? हे वर्णन माणसाला वाचता येईल असे लिहितात, मग त्याचे आटोपशीर द्विमान रूप करतात. संगणक सुरू होताना आधीचा छोटा प्रोग्रॅम ते स्मृतीत ठेवतो आणि त्याचा पत्ता कर्नलच्या हाती देतो.

प्रकार सांगण्याची रीत मोठी शहाणपणाची आहे. एका वस्तूला अनेक नावे देता येतात, आधी नेमके आणि नंतर अधिक व्यापक. नव्या चिपमधील भाग जुन्यासारखाच चालत असेल, तर नव्या नावापुढे जुने नावही लिहितात. कर्नलला नवे नाव माहीत नसले तरी जुने ओळखून तो काम सुरू करतो.

आमच्या संवेदकाचे कोडे आता सुटते. त्याचा चालक प्रोग्रॅम कर्नलपाशी होताच. 'चौथ्या क्रमांकाच्या पिनवर एकतारी जोडवाहिनी आहे' ही नोंद मात्र नव्हती. त्या ओळीने ती रजिस्टरात चढवली. तारेची खबर मिळताच कर्नलने हजेरी घेतली आणि संवेदकाने आपला क्रमांक सांगितला.

आपले प्रोसेसर

पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेचे 'वेगा' आणि आयआयटी मद्रासचे 'शक्ती' हे प्रोसेसर 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचावर आधारलेले आहेत. आज्ञा प्रमाणित असल्या तरी कालमापकाची गती किती, संदेश पाठवण्याचे द्वार कोणत्या पत्त्यावर, हे प्रत्येक चिपचे निराळे. म्हणून चिप तयार झाली तरी काम संपत नाही. तिचे बिनचूक वर्णनही लिहावे लागते.

बिनचूक यासाठी, की बहुतेक बाबतींत कर्नल रजिस्टरावर विश्वास ठेवतो. प्रत्यक्षात नसलेली स्मृती नोंदली, तर तो ती वापरायला जाईल आणि कोसळेल. कपाटात नसलेला तराजू रजिस्टरात दाखवला की पुढच्या मुख्याध्यापकांचे काय होते, हे शिक्षकांना आम्ही सांगायला नको.

शाळेत रास्पबेरी पाय असेल तर हे मुलांना दाखवता येईल. 'प्रॉक' या फोल्डरातील 'डिव्हाइस-ट्री' उघडा आणि त्यातील 'मॉडेल' ही फाइल वाचा. बोर्डाचे नाव तेथे लिहिलेले दिसेल. मग मुलांना आपल्या प्रयोगशाळेचा असाच वृक्ष काढायला सांगा: खोली, तिच्यात कपाट, त्यात फळी, फळीवर वस्तू. आणि पुढच्या वेळी एखादे उपकरण चालले नाही, तर ते भंगारात टाकण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा: याची नोंद झाली आहे का?